जुनी टीनएज मालिका पुन्हा आणायची, तर सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गाजलेली, शाळेत घडणारी एक मालिका तुम्हाला पुन्हा करायची आहे. मूळ निर्माते हक्क द्यायला तयार दिसतात. जुनी पात्रं आता आईबाप झालेली दाखवावीत की सगळंच नव्याने मांडावं, आणि वाहिनीकडे जाताना हातात काय असावं, हे तुम्ही विचारलंय. मी पटकथा-संपादनात बरीच वर्षं काढली आहेत, आणि त्यातली तीन कामं जुन्या मालिका पुन्हा उभ्या करण्याचीच होती. एक पडद्यावर आली, एक दोनदा लिहून झाल्यावर बंद पडली, तिसरी अजून कागदावर आहे. जे सांगतेय ते त्या अनुभवातून.

जुनी पात्रं ठेवायची की नाही, हा प्रश्न तुम्ही थोडा लवकर विचारलाय असं मला वाटतं. त्याच्या आधीचा प्रश्न आहे, ही मालिका बघणार कोण? तुमच्यासमोर दोन प्रेक्षक आहेत. एक चाळिशीतला, ज्याला शीर्षकगीत अजून पाठ आहे. दुसरा चौदा वर्षांचा, ज्याने मालिकेचं नावही ऐकलेलं नाही. गंमत अशी की वाहिनीच्या ऑफिसात तुमच्यासमोर पहिला बसलेला असतो आणि मालिका दुसऱ्याने बघायची असते. मीटिंग फार छान होते. क्रिएटिव्ह हेड स्वतः ती मालिका बघत मोठा झालेला असतो, तो दहा मिनिटं आठवणी सांगतो, तुम्ही हरखून बाहेर पडता. बंद पडलेल्या त्या कामात आमचं अगदी हेच झालं. सगळे आठवणींवर खूश होते, आणि पहिला ड्राफ्ट वाचल्यावर कोणालाच सांगता येईना की आजच्या मुलीने हे का बघावं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मालिका चौदा वर्षांच्या मुलीसाठी लिहा. चाळिशीतला प्रेक्षक नावामुळे पहिला भाग लावेलच; पुढे तो टिकला तर आनंद. उलट क्रमाने केलेली कामं मी टिकताना पाहिलेली नाहीत.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधीच मान्य करते. सरकारी निधीवर चालणारी सार्वजनिक वाहिनी असेल, तर मुलांसाठी काहीतरी करणं ही तिची जबाबदारीच असते; तिथे तुम्हाला धाडसी विषय मिळतील, पैसा बेताचा मिळेल. वर्गणीवर चालणाऱ्या स्ट्रीमिंगला नाव हवं असतं, कारण हजार पोस्टरांच्या भिंतीत ओळखीचं नाव चटकन दिसतं. जाहिरातींवर चालणारी वाहिनी विचारेल की ही मुलं टीव्हीसमोर बसतात तरी का, आणि तो प्रश्न रास्त आहे. या तिघांकडे एकच कागद घेऊन जाता येत नाही.

मालिका कशावर चालत होती

जुन्या मालिकेतलं काय ठेवायचं हे ठरवण्याआधी ती कशावर चालत होती ते शोधावं लागतं. मी यासाठी एक कंटाळवाणं काम करते. जुने दहा-बारा भाग सलग बघते आणि वहीत तीन रकाने आखते: या भागात मुलाला काय हवं होतं, कोण आडवं आलं, आणि मुलाने कोणापासून काय लपवलं. कपडे, केशरचना, बोलण्याची लकब यांची नोंद करायची नाही. दहा भागांनंतर तिसरा रकाना वाचला की मालिकेचा जीव कशात होता ते कळतं. एका मालिकेत मला वाटत होतं की ती मैत्रीवर चालते. रकाना वाचल्यावर दिसलं की जवळपास प्रत्येक भागात मुलं घरातल्या पैशाची अडचण शाळेपासून लपवत होती. प्रेक्षकांनी मनात जपलं होतं ते हे, पण कोणी तसं शब्दांत मांडलं नव्हतं.

'पार्टी ऑफ फाइव्ह' हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. १९९४ ते २००० या काळातल्या अमेरिकी मालिकेत पाच भावंडांचे आईवडील अपघातात जातात आणि मुलांना घर चालवावं लागतं. २०२० मध्ये त्याच दोन निर्मात्या-लेखकांनी ती पुन्हा केली, तेव्हा आईवडील जिवंत ठेवले. फक्त त्यांना मेक्सिकोला परत पाठवलं जातं आणि मुलं अमेरिकेत राहतात. मोठ्यांविना घर सांभाळणारी मुलं, हा गाभा तसाच राहिला. आईवडील दूर जाण्याचं कारण मात्र आजचं आलं. त्यात नवं दुःखही मिळालं, कारण आई व्हिडिओ कॉलवर दिसते, पण घरी येऊ शकत नाही. नवी मालिका एकाच सीझनवर थांबली हे खरं, तरी विचार म्हणून मी प्रत्येक नव्या लेखकाला हीच दाखवते.

याच्या उलट 'गॉसिप गर्ल'. २००७ ते २०१२ च्या मालिकेत श्रीमंत शाळकरी मुलांची गुपितं इंटरनेटवर फोडणारी निनावी व्यक्ती कोण, हे गूढ शेवटपर्यंत ताणलं होतं. २०२१ च्या नव्या मालिकेत ते खातं शाळेतले शिक्षकच चालवतात, हे सुरुवातीलाच सांगून टाकलं. कल्पना धाडसी आहे, पण माझ्या मते तिथे मालिकेचं चाकच निखळलं. मुलं एकमेकांवर पाळत ठेवतात ही भीती होती. मोठ्यांनी मुलांवर पाळत ठेवायला सुरुवात केली की तो वेगळाच खेळ होतो. दोन सीझननंतर ती बंद झाली. बंद होण्याची कारणं नेहमी अनेक असतात, पण लेखनाच्या टेबलावर मला ही गोष्ट खटकली होती.

जुनी पात्रं आणायची का

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. यासाठी कॅनडातली 'डिग्रासी' नीट अभ्यासा, कारण हे काम तिच्याइतकं सहज कोणी केलेलं मला माहीत नाही. १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'डिग्रासी ज्युनियर हाय'मध्ये स्पाइक नावाची मुलगी चौदाव्या वर्षी गरोदर राहते आणि बाळ ठेवते. पुढे नवी मालिका आखताना निर्मात्यांच्या लक्षात आलं की ते बाळ, एमा, आता त्याच शाळेत जाण्याच्या वयाचं झालं असेल. २००१ मध्ये 'डिग्रासी: द नेक्स्ट जनरेशन' आली आणि २०१५ पर्यंत चालली.

पण हिशेब जुळला म्हणून मालिका जुळली असं नाही. पहिल्या दोन भागांची बांधणी बघा. एकीकडे जुन्या विद्यार्थ्यांचं स्नेहसंमेलन आहे, म्हणजे जुन्या प्रेक्षकांना हवं ते सगळं. दुसरीकडे एमा इंटरनेटवर ओळख झालेल्या एका 'मुलाला' भेटायला हॉटेलात जाते आणि तो मुलगा नसतोच, प्रौढ पुरुष असतो. मोठे आपल्या आठवणींत दंग आहेत आणि त्याच वेळी त्यांची मुलगी अशा संकटात आहे, जे त्यांच्या शाळेच्या काळात अस्तित्वातच नव्हतं. जुन्या पात्रांचं असणं नव्या मुलीच्या गोष्टीला कारणी लागलंय. ती पात्रं फक्त हात हलवायला आलेली नाहीत. जुना विद्यार्थी स्नेक तिथे शिक्षक म्हणून परततो आणि पुढे एमाच्या आईशी लग्न करतो, म्हणजे तिच्या घरात येतो. प्रत्येक मोठं माणूस कोणत्या तरी मुलाच्या वाटेत उभं आहे.

'सेव्ह्ड बाय द बेल'च्या २०२० च्या आवृत्तीतही हे हुशारीने केलंय. जुना नायक झॅक मॉरिस आता कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर आहे. त्याच्या निर्णयामुळे गरीब वस्त्यांतल्या शाळा बंद होतात आणि तिथली मुलं त्याच्याच जुन्या, श्रीमंत शाळेत येतात. जुन्या मालिकेत ज्याच्या सगळ्या खोड्या माफ होत्या, त्याच्या बेफिकिरीची किंमत आता दुसरी मुलं मोजतात. जुन्या मालिकेवर प्रेम ठेवूनही तिला प्रश्न विचारता येतो, हे मला त्यात आवडलं.

तेव्हा माझा नियम असा: जुनं पात्र आणायचं असेल, तर ते काढून टाकल्यावर नव्या मुलाची गोष्ट कोसळली पाहिजे. कोसळत नसेल तर ते पात्र नको. आणि काहीच जुळत नसेल, तर 'हार्टब्रेक हाय'सारखं करा. सिडनीतली ही मालिका १९९४ ते १९९९ चालली, २१० भाग झाले. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आली ती नव्या मुलांना घेऊन. हार्टली हाय ही शाळा, तिथली वेगवेगळ्या देशांतून आलेल्या घरांची मुलं आणि त्यांची रस्त्यावरची भाषा एवढं मात्र ठेवलं. सुरुवातीलाच शाळेच्या भिंतीवर काढलेला एक नकाशा सापडतो, कोणाचं कोणाशी काय झालं याचा, आणि तो काढणारी मुलगी एका दिवसात एकटी पडते. त्यात क्विनी ही ऑटिस्टिक मुलगी आहे आणि क्लोई हेडन ही तिची भूमिका करणारी अभिनेत्री स्वतः ऑटिस्टिक आहे. तिच्या प्रसंगांत जो तपशील दिसतो तो बाहेरून वाचून लिहिता आला नसता.

फोन खिशात असताना

जुन्या पटकथा उचलताना सगळ्यात जास्त डोकेफोड इथे होते. नव्वदच्या दशकातली निम्मी कथानकं निरोप न पोचण्यावर उभी असतात. चिठ्ठी चुकीच्या हातात पडते, फोन आई उचलते, तो स्टेशनवर वाट बघतो आणि ती दुसरीकडे. आज हे सगळं एका मेसेजने मिटतं. मग लेखक काय करतात? नेटवर्क घालवतात, बॅटरी संपवतात, फोन पाण्यात पाडतात. एकदा चालतं. तिसऱ्यांदा प्रेक्षक उठून जातो.

आमच्या कामात असाच एक जुना प्रसंग होता: वर्गात फिरणारी चिठ्ठी, तिच्यात माफी मागितलेली, आणि ती नेमकी नको त्या मुलाच्या हाती लागते. आम्ही ती चिठ्ठी मेसेज केली, स्क्रीनशॉट व्हायरल केला, खूश झालो. वाचनासाठी पंधरा-सोळा वर्षांच्या सहा जणांना बोलावलं होतं. माफीचा मेसेज वाचणारी मुलगी मध्येच थांबली. म्हणाली, "ताई, हे मी पाठवलंच नसतं." मी विचारलं, मग काय केलं असतं? ती म्हणाली, "टाइप केलं असतं. पुसलं असतं. परत टाइप केलं असतं. तिला माझं 'टायपिंग' दिसलं असतं, आणि मी काहीच पाठवलं नसतं. आणि तिने दुसऱ्या दिवशी विचारलंही नसतं."

आम्ही सगळे गप्प झालो. तिने सांगितलेला प्रसंग आमच्या प्रसंगापेक्षा शंभरपट चांगला होता. निरोप पोचला नाही, पण तो लिहिला जात होता हे पोचलं. आम्ही तो प्रसंग तसाच घेतला: दोन खोल्या, दोन पडदे, एक शब्दही नाही. आजच्या मुलांच्या आयुष्यात निरोप चुकण्यापेक्षा निरोप जास्त लोकांपर्यंत पोचणं, किंवा पोचूनही उत्तर न येणं, हे दुखतं. तुमच्या जुन्या भागांची यादी घेऊन बसा आणि प्रत्येक चुकलेल्या चिठ्ठीला या नजरेने बघा.

यातून पुढचा मुद्दा येतो. मुलांशी बोला, आणि ड्राफ्ट झाल्यावर नाही, आधी बोला. नॉर्वेच्या सार्वजनिक वाहिनीने २०१५ मध्ये 'स्काम' सुरू केली, त्याआधी लेखिका-दिग्दर्शिका यूली आंदेम यांनी किशोरवयीन मुलांच्या भरपूर मुलाखती घेतल्या होत्या. प्रसंग वेबसाइटवर ज्या वेळी घडतो त्याच वेळी टाकला जायचा. मंगळवारी दुपारचा प्रसंग मंगळवारी दुपारी. पात्रांची इन्स्टाग्राम खाती होती. मुलांनी ती मालिका स्वतः शोधावी म्हणून सुरुवातीला गाजावाजाही केला नाही. पुढे अनेक देशांनी तिची आपापली आवृत्ती केली. सगळ्यांना ती पद्धत झेपेलच असं नाही, खर्च आणि माणूसबळ दोन्ही लागतं. पण मुलाखती घ्यायला फक्त वेळ लागतो.

वय, भाग आणि गाणी

लिहायला बसण्याआधी मालिका कोणत्या वयोगटाच्या प्रमाणपत्राची असेल ते ठरवा. तेरा वर्षांच्यांसाठी आणि अठरा वर्षांच्यांसाठी लिहिलेली शाळा या दोन वेगळ्या मालिका आहेत, आणि वाहिन्यांकडे त्यांचे विभागही बहुधा वेगळे असतात. मध्येच बसलेली पटकथा दोन्ही दारांतून परत येते. मर्यादेला घाबरू नका. बीबीसीची 'ग्रेंज हिल' १९७८ पासून २००८ पर्यंत मुलांच्या कार्यक्रमांच्या वेळेत लागायची. शिवीगाळ चालत नव्हती, तरी १९८६ मध्ये तिने झॅमो या मुलाचं हेरॉइनचं व्यसन दाखवलं. ते इतकं लागलं कारण झॅमो १९८२ पासून मालिकेत होता. प्रेक्षकांनी त्याला खोडकर पोरगा म्हणून वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि आता तो डोळ्यांसमोर खचत होता.

इथेच आजची अडचण आहे. आज तुम्हाला आठ किंवा दहा भाग मिळतील. दोनशे भागांत हळूहळू मोठा होणारा मुलगा आठ भागांत बसत नाही. तेव्हा जुन्या मालिकेतली पंधरा पात्रं उचलू नका. पाच घ्या, त्यातल्या दोघांवर पहिला सीझन तोला. आणि पात्रं बदलण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. दोन सीझनच्या दरम्यान दीड-दोन वर्षं सहज जातात आणि सोळा वर्षांचा नट अठरा-एकोणीसचा दिसायला लागतो. ब्रिटिश 'स्किन्स'ने दर दोन सीझनला जवळजवळ सगळी मुलं बदलली. शाळेची गोष्ट आहे. मुलं शाळा सोडून जातातच.

कमी वयाच्या कलाकारांच्या कामाच्या तासांवर बहुतेक ठिकाणी मर्यादा असते, सेटवर शिकवणी आणि पालक लागतात, म्हणून निर्माते अठरा पूर्ण झालेले नट घेतात. शेड्यूलसाठी ते सोयीचं आहे. चेहऱ्यावर मात्र दिसतं. 'डिग्रासी'त मुलांच्या भूमिका त्याच वयाची मुलं करायची आणि तिचा खरेपणा बराचसा तिथून आला. मी असते तर मुख्य दोघांपैकी एक तरी खऱ्या वयाचा घेतला असता आणि जवळिकीचे प्रसंग त्याच्या वाट्याला दिले नसते. मोठ्या नटांच्या तशा प्रसंगांसाठीही इंटिमसी को-ऑर्डिनेटर, म्हणजे जवळिकीचे प्रसंग कलाकारांच्या संमतीने आणि सुरक्षितपणे बसवून देणारी व्यक्ती, बजेटमध्ये पहिल्यापासून धरा.

गाण्यांबद्दल फक्त इशारा देते, पण तो गांभीर्याने घ्या. जुन्या मालिकांतली गाणी फक्त प्रसारणासाठी घेतलेली असायची. 'डॉसन्स क्रीक' या अमेरिकी टीनएज मालिकेचं शीर्षकगीत याच कारणाने बरीच वर्षं स्ट्रीमिंगवर नव्हतं. २०२१ मध्ये ते नव्याने ध्वनिमुद्रित होऊन परत आलं. 'स्काम'लाही २०१७ मध्ये गाण्यांच्या हक्कांमुळे नॉर्वेबाहेर कुलूप लावावं लागलं. तुमचे जुने प्रेक्षक शीर्षकगीतच गुणगुणत असतील, तर ते गाणं तुमच्या निर्मात्यांचं आहे की नाही हे आधी बघा.

वाहिनीकडे काय न्यायचं

पहिल्या पानावर जुन्या मालिकेचं नाव एकदाच यावं. बाकीचं पान आजच्या मुलीबद्दल: तिला काय हवंय, ती काय लपवतेय, पहिला भाग कुठे संपतो. त्याखाली वयोगट आणि भागांची संख्या. मग पूर्ण सीझनची वनलाइन, म्हणजे गोष्टीचा थोडक्यात आराखडा, आणि पहिल्या भागाची संपूर्ण पटकथा. मालिकेचा इतिहास, जुने फोटो, गाजलेले संवाद शेवटी एका पानावर. मी स्वतः एक चाचणी करते: पिचमधून, म्हणजे वाहिनीला द्यायच्या या प्रस्तावातून, मूळ नाव खोडून तो एखाद्या अनोळखी वाचकाला देते. त्याला पुढचा भाग मागावासा वाटला, तरच नाव परत लिहिते. बंद पडलेल्या कामात ही चाचणी केली असती तर वर्ष वाचलं असतं.

आणि नाव कितीही मोठं असलं तरी भरवसा एका दारावर ठेवू नका. 'डिग्रासी'च्याच नव्या आवृत्तीची घोषणा एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेने जानेवारी २०२२ मध्ये केली आणि त्याच वर्षी ती रद्दही झाली. मधल्या काळात कंपनीचं विलीनीकरण होऊन खर्चाची गणितं बदलली होती. म्हणून करार करताना वाहिनीने ठरावीक मुदतीत चित्रीकरण सुरू केलं नाही तर हक्क आणि पटकथा तुमच्याकडे परत येतील, हे कलम मागा. ते मिळवायला मला एकदा सहा आठवडे भांडावं लागलं होतं, पण आमची तिसरी मालिका आज कागदावर का होईना आमच्या हातात आहे, ती त्या कलमामुळे.

आता तुमच्या बाजूने एक गोष्ट तातडीने तपासा. 'मूळ निर्माते तयार आहेत' असं तुम्ही लिहिलंय. निर्मात्याकडे चित्रित भागांचे हक्क असणं वेगळं आणि त्या पात्रांवरून नवी गोष्ट लिहिण्याचे हक्क असणं वेगळं. जुन्या करारांत हा दुसरा हक्क कधी लेखकाकडे राहिलेला असतो, कधी ज्या वाहिनीने पैसे घातले तिच्याकडे, आणि कधी त्याचा उल्लेखच नसतो, कारण तेव्हा स्ट्रीमिंग नव्हतंच. मूळ लेखकाचा करार मिळवा, त्यात 'पुनर्निर्मिती', 'पात्रं' आणि 'भविष्यातली माध्यमं' हे शब्द शोधा, आणि या क्षेत्रातल्या वकिलाला दाखवा. तोवर जुने दहा भाग बघून वहीत तीन रकाने भरायला घ्या. तिसऱ्या रकान्यात काय सापडलं ते मला जरूर सांगा, मग जुन्या पात्रांपैकी कोण परत यावं यावर नीट बोलता येईल.